खिडकी क्रमांक चार

साहेबांनी यादीत माझं नाव घातलं,
कारण तक्रारी सगळ्यात जास्त माझ्याच खिडकीवर.
दोन दिवस, गंगापूर रोड, एसी हॉल,
चहा दोनदा, जेवणात गुलाबजाम.
फळ्यावर लिहिलेलं : न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग.
पठाण कानाशी येऊन म्हणाला,
"मॅडम, आपलं प्रोग्रॅमिंग आधीच झालंय,
दहा ते पावणेसहा."

निरगुडे सर म्हणाले, मेंदू, भाषा आणि सवय
एकाच दोरीवर वाळत घातलेले कपडे,
एक ओढला की दुसरा हलतो.
हे सिद्ध झालंय का, लेखा विभागातल्या पगारबाईंनी विचारलं.
"पूर्ण नाही. वाद आहेत.
वापरून बघा, नाही पटलं तर ठेवून द्या."
तिथे मला तो माणूस आवडला.

मग एक कोरा कागद : नाशिक काढा.
दहा मिनिटं.
पठाणच्या नाशकात द्वारका ते वडाळा नाका
पंक्चरवाले सोळा, बाकी ओसाड.
पगारबाईंच्या नाशकात शाळा, क्लास, दुसरा क्लास, दातांचे डॉक्टर.
माझ्या नाशकात जलकुंभ होते,
कुठला व्हॉल्व्ह गळतो तेही होतं.
गोदावरी नव्हती.
वीस वर्षं पाणीपट्टीची पावती फाडणारी बाई मी,
नदीच काढायला विसरले.
सर रागावले नाहीत.
"प्रत्येकजण आपापल्या कागदावर राहतो," म्हणाले,
"आणि भांडतो मात्र शहरावरून."

दुसऱ्या दिवशी शब्द.
कुणी डोळ्यांनी बोलतं : दिसत नाही का तुम्हाला?
कुणी कानांनी : ऐकून तरी घ्या.
कुणी कातडीनं : लागलं हो मनाला.
मराठीला हे वेगळं शिकवायला नको होतं,
आपल्याकडे बोलणं टोचतं, झोंबतं,
घशाखाली उतरत नाही.
शेवटी डोळे मिटून एक सुखाचा क्षण शोधायचा
आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरून ठेवायचा.
मला सापडला तो असा :
दूध सांडलं होतं आणि कुणी ओरडलं नव्हतं.

सोमवारी मखमलाबादचे थेटे अण्णा.
दर सोमवारी येतात. मीटर बंद, बिल चालू.
"किती वेळा कानावर घालायचं?
भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीनं हुंकार दिला असता."
मी दर सोमवारी म्हणते, "बघते."
तीन वर्षं बघते.
त्या दिवशी पेन खाली ठेवलं.
"ऐकते. सांगा."
ते थांबले. चष्मा काढला, पुन्हा घातला.
मग मीटरचं सोडून सांगत बसले
की घरात आता एक माणूस, एक बादली,
आणि बिल अजून चौघांचं.
रांग कुरकुरली. कुरकुरू दिली.
बिल दुरुस्त व्हायला जादू लागत नाही,
एक फॉर्म लागतो.
तो तीन वर्षं माझ्याच खणात होता.

घरी मात्र फसलं.
ओजस हनुवटीवर हात टेकून बसलेला,
बारावीचा निकाल, तोंडाला कुलूप.
मी समोर बसले. हनुवटीवर हात.
त्यानं मान तिरकी केली, मीही केली.
त्याच्या श्वासाला श्वास लावला.
"आई, तू माझी नक्कल करतेयस?"
"हो. शिकवलंय. महापालिकेच्या खर्चानं."
तो फसकन हसला आणि उठून गेला.
खोलीचं दार लावलं नाही, एवढंच.

काल होळकर पुलावर स्कूटर अडकली.
चिमटी दाबून बघितली.
काही झालं नाही.
पुन्हा दाबली.
खालून शेवाळाचा, निर्माल्याचा ओला वास आला,
पाणी आपल्या वाटेनं चाललं होतं,
कागदावर असो नसो.
मागे रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न.
ऐकलं रे बाबा, म्हटलं,
ऐकलं.